पाऊस लागला तरी विजेचे बिल उतरत नाही, तेव्हा काय तपासावे

गोव्यात एप्रिल-मे महिन्यांत विजेचे बिल चढले, तर त्याचे कारण कोणाला शोधावे लागत नाही. दुपारी अंगाची काहिली होत असते, रात्रीही घाम थांबत नाही आणि पंखे दिवसरात्र फिरत असतात. मात्र मिरग लागून चार चांगल्या सरी कोसळल्या की पंखे पाचवरून दोनवर येतात, ज्यांच्याकडे एसी आहे त्यांचा एसी बंद होतो, आणि त्या हिशेबाने जुलै-ऑगस्टचे बिल खाली यायला हवे. पुष्कळ घरांत ते येत नाही. डिचोली तालुक्यातील आमच्या चिऱ्याच्या कौलारू घरात सलग तीन पावसाळे असेच झाले. दर वर्षी आम्ही मुलांना दिवे बंद न केल्याबद्दल बोललो, दर वर्षी एखादा जुना बल्ब काढून एलईडी लावला, आणि दर वर्षी चवथीच्या आधी हातात आलेले बिल उन्हाळ्याच्या बिलाच्या जवळपासच राहिले. कारण सापडले ते चौथ्या वर्षी, आणि त्याचा दिव्यांशी काहीही संबंध नव्हता. ज्यांच्या घरी हेच घडत आहे, त्यांनी काहीही नवीन विकत घेण्यापूर्वी कोणत्या क्रमाने तपासणी करावी, ते येथे लिहीत आहे.

पहिले काम बिल नीट वाचण्याचे. बिलाची रक्कम दोन कारणांनी वाढते: दर वाढल्यामुळे किंवा वापर वाढल्यामुळे. यांतले पहिले आपल्या हातात नाही. आपले वीजदर संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, आणि मूळ दराशिवाय मंजूर भारानुसार येणारा स्थिर आकार, इंधन व वीज खरेदीच्या खर्चाचे समायोजन आणि वीज शुल्क या रकमाही बिलात मिळवल्या जातात. म्हणून रुपयांची रुपयांशी तुलना न करता युनिटांची युनिटांशी करावी, आणि तीही दिवसांनी भागून. एक बिल २९ दिवसांचे आणि दुसरे ३४ दिवसांचे असेल, तर वापर तोच असूनही आकडा वेगळा दिसतो. घराला कुलूप असल्यामुळे रीडिंग घेता आले नसेल, तर बिल सरासरीवर काढले जाते आणि फरक पुढच्या बिलात एकदम अंगावर येतो. मे महिन्यात आणि चवथीलाच उघडणाऱ्या घरांच्या बाबतीत हे नेहमी घडते. शिवाय जूनअखेर हाती येणाऱ्या बिलात मेचे उकाड्याचे दिवसही मोडत असतात, तेव्हा त्या बिलावरून पावसाळ्याचा अंदाज बांधू नये.

घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो, हे इथे नीट समजून घेतले पाहिजे. पहिल्या १०० युनिटांना सर्वांत कमी दर लागतो आणि पुढचा प्रत्येक टप्पा आधीच्यापेक्षा महाग असतो. त्यामुळे एखाद्या घरात महिन्याला ९० युनिट फुकट जात असतील, तर ते स्वस्त दराने जात नाहीत. आपल्या वापराच्या माथ्यावर जो सर्वांत महाग टप्पा लागू होतो, त्याच दराने ते जातात. दर वाढतात तेव्हा ही फुकट जाणारी वीज सर्वांत आधी शोधावी, असे मला वाटते ते यामुळेच. कामाची वीज वाचवण्यासाठी सवयी बदलाव्या लागतात, नवीन उपकरणे घ्यावी लागतात. वाया जाणारी वीज थांबवली तर घरात कोणाचीच गैरसोय होत नाही.

रात्रीची तपासणी

आता मीटरकडे जावे. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो आणि त्याच्या शेजारी ३२०० किंवा १६०० असा काहीतरी आकडा छापलेला असतो. एक युनिट वीज वापरली गेली की तो दिवा तितक्या वेळा लुकलुकतो, असा त्याचा अर्थ. आकडा ३२०० असेल, तर दोन लुकलुकींमधले सेकंद मोजून ११२५ ला त्या सेकंदांनी भागावे. येणारे उत्तर म्हणजे त्या क्षणी घरात चालू असलेला भार वॉटमध्ये. आकडा १६०० असेल, तर २२५० ला भागावे. मोबाइलमधले स्टॉपवॉच यासाठी पुरेसे आहे. दहा लुकलुकींना लागलेला वेळ मोजून त्याचा दहावा भाग घेतला तर हिशेब अधिक नेमका येतो.

ही मोजणी रात्री सगळे झोपल्यावर करावी. दिवे, पंखे, टीव्ही, जे काही बटणावर बंद होते ते सारे नेहमीप्रमाणे बंद करावे, पण मुख्य स्विच चालूच ठेवावा. फ्रिजचा कॉम्प्रेसर मधूनच सुरू होऊन हिशेब बिघडवतो, म्हणून तेवढी दहा मिनिटे फ्रिजचे बटणही बंद करावे आणि नंतर ते लावण्याचे विसरू नये. मग मीटरसमोर उभे राहावे. सर्व काही बंद असताना दिवा मिनिट-दीड मिनिटातून एकदाच लुकलुकत असेल, तर काळजीचे कारण नाही. आमच्याकडे तो दर नऊ सेकंदांनी लुकलुकत होता. ११२५ भागिले ९, म्हणजे १२५ वॉट. घरात एकही दिवा जळत नसताना १२५ वॉट म्हणजे दिवसाला ३ युनिट आणि महिन्याला ९० युनिट होतात.

त्यानंतर फळीवरचे (मेन बोर्डवरचे) एमसीबी, म्हणजे घरातल्या प्रत्येक वाटेचे छोटे स्विच, एकेक करून खाली पाडावेत आणि प्रत्येक वेळी मीटरवरचा वेग पुन्हा मोजावा. ज्या एमसीबीमुळे वेग कमी होतो, त्या वाटेवर वीज जात आहे हे उघड आहे. या कामासाठी फळी उघडण्याची गरज नाही, आणि मीटरच्या सीलला तर कोणीही हात लावू नये. आमच्या १२५ वॉटांपैकी सुमारे २० वॉट सेट-टॉप बॉक्स, राउटर आणि तत्सम वस्तूंचे निघाले, ४५ वॉट इन्व्हर्टरचे, आणि उरलेले ६० वॉट अशा वाटेवर निघाले, जिच्या टोकाला विहिरीवरच्या पंपाशिवाय काहीच नव्हते. पंप तर बंद होता.

ट्रिप होणारे आरसीसीबी

इथे थोडे मागे जाऊन सांगितले पाहिजे, कारण ज्याने ही समस्या दर पावसाळ्यात परत येत राहिली ते याच ठिकाणी आहे. फळीवर आरसीसीबी बसवलेले असते. पुष्कळ जण त्याला अजूनही ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तेवढाच परत आला पाहिजे. कमी आला, तर मधल्या मधे तो जमिनीत किंवा माणसाच्या अंगातून जात आहे असा त्याचा अर्थ होतो, आणि हा फरक ३० मिलिअँपिअरच्या घरात पोहोचला की आरसीसीबी वीज तोडते. आमच्याकडे ते पावसाळा लागला की रात्री-अपरात्री ट्रिप व्हायचे. काही वर्षांपूर्वी एका इलेक्ट्रिशियनला बोलावले तेव्हा त्याने पंपाची वायर आरसीसीबीमधून काढून थेट मुख्य स्विचला जोडली. ट्रिप होणे थांबले, आम्हाला बरे वाटले, आणि बिल मात्र त्याच पावसाळ्यापासून चढू लागले. या दोन गोष्टींचा मेळ घालायला आम्हाला तीन वर्षे लागली.

विहिरीपर्यंतची वायर जमिनीखालून गेलेली आहे आणि पंपाचा स्टार्टर विहिरीकडच्या छपरात आहे, त्यामुळे पंप बंद असला तरी स्टार्टरपर्यंतची वायर चोवीस तास जिवंत असते. दुसऱ्या इलेक्ट्रिशियनने मुख्य वीज बंद करून, वायरची दोन्ही टोके सोडवून मेगर लावला. वायरीचे आवरण विजेला किती रोखते ते मेगर मोजतो. निरोगी वायरीच्या आवरणाचा रोध एक मेगाओहमच्या वर असायला हवा. आमच्या मेगरचा काटा शून्यावरच बसून राहिला. मग वायरीच्या मार्गाने खोदत गेलो, आणि तिसऱ्या माडापाशी जोड सापडला. कधीतरी माडाला आळे करताना कुदळीने वायर तुटली होती आणि कोणीतरी दोन टोके पिळून, काळी टेप गुंडाळून ती पुन्हा मातीत पुरली होती. टेप सुटून चिकट झाली होती, आतले तांबे हिरवे पडले होते आणि भोवतीची माती चिखलासारखी ओली होती. उन्हाळ्यात माती सुकली की गळती कमी व्हायची, पाऊस लागला की वाढायची. ६० वॉट म्हणजे साधारण २६० मिलिअँपिअर, म्हणजे आरसीसीबी तोडते त्याच्या आठ-नऊ पट प्रवाह त्या आळ्यात रात्रंदिवस उतरत होता. त्याच माडाच्या मुळाशी घरातली माणसे अनवाणी पायांनी शेण-राख घालत होती. पैशांचे नुकसान मी विसरू शकेन, पण ही गोष्ट आठवली की अजून छातीत धस्स होते.

म्हणून ज्यांचे आरसीसीबी पावसाळ्यात ट्रिप होते, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की ते काढू नये, वळसा घालून जोडू नये आणि जास्त मिलिअँपिअरचे बसवून गप्पही करू नये. ते बिघडलेले क्वचितच असते. बहुतेक वेळा घरात कुठेतरी गळती आहे हेच ते सांगत असते. इलेक्ट्रिशियनकडे क्लॅम्प मीटर असेल, तर फेज आणि न्यूट्रल या दोन्ही वायरी एकत्र त्याच्या जबड्यात घेऊन गळतीचा प्रवाह थेट मोजता येतो. सारे ठीक असेल तर आकडा जवळजवळ शून्य येतो. काही मीटरांवर अर्थ लोडचा वेगळा दिवा किंवा खूण असते. तो दिवा सतत लागलेला दिसला, तर गळती आहे किंवा कुठेतरी न्यूट्रलऐवजी अर्थिंगची वायर वापरलेली आहे असे समजावे. ही दुसरी चूक मागाहून वाढवलेल्या पॉइंटवर, विशेषतः न्हाणीघरात किंवा पडवीत, केलेली आढळते.

गळतीच्या नेहमीच्या जागा आपल्या हवामानात ठरलेल्या आहेत: जमिनीखालचे जोड, ओल धरलेल्या चिऱ्याच्या भिंतीतून गेलेली जुनी वायर, फाटकावरच्या आणि तुळशीपाशी लावलेल्या दिव्यांचे उघडे होल्डर, आणि गिझरची चिरलेली कॉइल. शेवटची ओळखायला सोपी आहे, कारण गिझर लावल्याबरोबर ट्रिप होते. आम्ही विहिरीपर्यंत जोड नसलेली नवी अखंड वायर पीव्हीसी पाइपातून नेली आणि ती पुन्हा आरसीसीबीमधून जोडली. हे काम जाणकाराकडूनच करून घ्यावे. खोदण्याचे काम घरच्यांनी केले तरी चालते, पण त्याआधी मुख्य स्विच बंद असल्याची दोनदा खात्री करून घ्यावी.

इन्व्हर्टर आणि कपाटातला बल्ब

आपल्याकडे पावसाळ्यात वीज जाते, म्हणून इन्व्हर्टर हवाच. पण बॅटरी जुनी झाली की ती पूर्ण भरतच नाही आणि इन्व्हर्टर तिला अखंड चार्ज करत बसतो. त्या विजेची उष्णता होते आणि पाणी भराभर आटते. गेलेली वीज परत येऊन चोवीस तास लोटले असतानाही बॅटरीला हात लावल्यावर ती कोमट लागत असेल आणि महिन्या-दोन महिन्यांनी पाणी घालावे लागत असेल, तर तिचे दिवस भरले आहेत असे मानावे. आमच्या इन्व्हर्टरचे ४५ वॉट म्हणजे महिन्याचे ३२ युनिट होत होते. नवी बॅटरी बसवल्यावर ते बारा वॉटवर आले.

कपाटात बुरशी येऊ नये म्हणून बल्ब लावून ठेवण्याची आपली पद्धत आहे. चाळीस वॉटचा जुना बल्ब अखंड जळत राहिला, तर महिन्याला २९ युनिट जातात, आणि एका घरात अशी दोन कपाटे सहज असतात. हा बल्ब पूर्ण बंद करा असे मी म्हणणार नाही, कारण पैठणीवर डाग पडले तर ते नुकसान बिलापेक्षा मोठे असते. मात्र त्याला टायमर लावून तो दिवसातून दोन-तीन तास जाळला आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवले, की आमच्या अनुभवात काम भागते.

दमट कपडे इस्त्रीने वाळवणे हेही याच प्रकारातले. एक लिटर पाण्याची वाफ करायला पाऊण युनिटाच्या आसपास वीज लागते, मग ती इस्त्रीने करा किंवा ड्रायरने. तेच पाणी धुलाई यंत्रात दुसऱ्यांदा पिळून काढले, तर त्याच्या मानाने नगण्य वीज लागते. त्यामुळे पावसाळ्यात पिळण्याचे चक्र दोनदा लावावे, कपडे पडवीत पंख्याखाली घालावेत आणि इस्त्री फक्त शेवटचा दमटपणा घालवण्यासाठी फिरवावी.

पंप, फ्रिज, चूल

पावसाळ्यात विहिरीचे पाणी वर येते, तेव्हा पंपाला कमी वेळ लागायला हवा. एक अश्वशक्तीचा पंप चालू असताना साधारण एक किलोवॉट घेतो. टाकी भरायला किती मिनिटे लागतात ते एकदा लिहून ठेवावे. पाण्याची पातळी वर असूनही वेळ वाढत गेला, तर फूट व्हॉल्व्ह (पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप) गळत आहे, पाइपात हवा शिरत आहे किंवा इम्पेलर (पंपातले पाणी ढकलणारे चक्र) झिजला आहे. पाणी कुठे जाते तेही पाहावे. संडासाच्या टाकीतून दोन मिनिटांना एक लिटर पाणी झिरपत असेल, तर दिवसाला ७२० लिटर होते, आणि ते सारे पंप पुन्हा वर चढवत असतो.

फ्रिजच्या दाराचे रबर पावसाळ्यात काळे पडते आणि बसत नाही. वर्तमानपत्राची पट्टी दारात धरून दार लावावे. ती सहज ओढून निघाली, तर रबर कोमट साबणाच्या पाण्याने पुसून घ्यावे आणि तरीही फरक पडला नाही तर बदलावे. थर्मोस्टॅट उन्हाळ्यात वाढवलेला असतो, तो खाली आणायचे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही.

गॅस महाग झाला म्हणून इंडक्शन घेतलेल्यांनी एक हिशेब ध्यानात ठेवावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधली जितकी उष्णता शेगडीवर प्रत्यक्ष भांड्यात उतरते, तितकी इंडक्शनवर मिळवायला सुमारे १२० ते १४५ युनिट लागतात. महिन्याला एक सिलिंडर संपणाऱ्या घराने सगळा स्वयंपाक इंडक्शनवर नेला, तर तितके युनिट वाढणारच, आणि ते वरच्या महाग टप्प्यात पडणार. तेव्हा तुलना सरासरी दराने न करता त्या टप्प्याच्या दराने करावी. आंघोळीच्या पाण्यापुरते बोलायचे, तर ज्यांच्या न्हाणीघरात अजून तांब्याचे भाण आहे आणि सोडणांचा (नारळाच्या सालींचा) साठा आहे, त्यांनी ते मोडीत काढू नये.

उन्हाळ्यासाठी थोडक्यात इतकेच की जुना पंखा सुमारे ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी पंखा ३० वॉटच्या आसपास. दिवसाला चौदा तास चालणाऱ्या प्रत्येक पंख्यामागे महिन्याला १९ युनिट वाचतात. एसी २४ अंशांवर ठेवून सोबत पंखा लावला, तर आपल्या दमट हवेत तो पुरतो. छतावरच्या सौर पॅनेलसाठी २०२४ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान सूर्यघर योजनेत ३ किलोवॉट आणि त्यापुढच्या संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान मिळते, आणि ती चांगली सोय आहे. पण ढगाळ महिन्यांत पॅनेल कमी वीज देतात. गळती तशीच ठेवून पॅनेल बसवले, तर ती थोडीशी वीजही मातीत जाईल.

एवढे सारे करूनही आकडा जुळत नसेल, तरच मीटरवर संशय घ्यावा. गिझर पूर्ण थंड असताना बाकी सर्व बंद करून दोन किलोवॉटचा गिझर पंधरा मिनिटे चालवावा आणि आधीचे व नंतरचे रीडिंग लिहावे. अर्ध्या युनिटाच्या आसपास फरक आला पाहिजे. दाब कमी-जास्त असतो, म्हणून थोडे इकडेतिकडे चालेल. दीडपट किंवा दुप्पट फरक आला, तर ते आकडे तारखेसह लिहून आपल्या उपविभागीय वीज कार्यालयात मीटर तपासणीसाठी लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी.

आमच्याकडे आता आरसीसीबीवरचे चाचणीचे बटण दर महिन्याच्या पहिल्या रविवारी दाबले जाते, आणि रात्रीची मोजणी वर्षातून दोनदा होते: एकदा मिरगाच्या आधी आणि एकदा चवथीच्या आधी, माटोळीचे (गणपतीवर बांधतात त्या फळाफुलांच्या मांडवाचे) दिवे जोडण्यापूर्वी. या जुलैत, तीन दिवस संततधार पाऊस झाल्यावर, रात्री साडेअकरा वाजता मुद्दाम आणखी एकदा मोजले. दोन लुकलुकींमध्ये ५६ सेकंद गेले, म्हणजे २० वॉट: बारा इन्व्हर्टरचे आणि आठ राउटरचे.